चाळीस जोड्या

आमच्या तळ्यावरचा पक्ष्यांचा आकडा चुकत नाही. ही बढाई आहे, पण खरी बढाई आहे, त्यामुळे ती मारायला मला लाज वाटत नाही. एकतीस वर्षं मी इथं मोजणी करते आहे. त्याआधी माझे वडील करत होते. लांबलांबची संशोधक मंडळी पत्रं पाठवून आमच्या नोंदी मागवतात. उद्यानात कुणी पाहुणा आला की मी आधी पक्षी दाखवत नाही, आधी वह्या दाखवते. पाहुणा कंटाळतो, पण पाहतो.

वडिलांनी मला हाताखाली घेतलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. जे दिसलं ते लिहायचं, एवढंच त्यांनी शिकवलं. अंदाज लिहायचा नाही, कुणाचं मन राखायला लिहायचं नाही आणि साहेब खूश व्हावेत म्हणून तर मुळीच नाही. त्यापायी मी दोन साहेबांशी कडाकडा भांडले आहे. एकाची बदली झाली, दुसरे निवृत्त झाले, मी अजून इथंच आहे.

तळं अर्ध्या चंद्रासारखं आहे. दक्षिणेला फाटक आणि आमचं दोन खोल्यांचं कार्यालय. पूर्वेच्या काठावर लाकडी लपण, म्हणजे हातभर रुंदीचा झरोका ठेवलेली खोली. आत बाक, तिवईवरची मोठी दुर्बीण आणि भिंतीवर माझ्या वडिलांनी खिळ्यानं कोरलेल्या तारखा. समोर पाण्यात बेट. बेटावर जुनी झाडं आणि त्या झाडांवर आमचे चमचे. पांढराशुभ्र, उंच पायांचा, चपट्या टोकाच्या काळ्या चोचीचा पक्षी. साहेब लोकांभोवती असतात ते चमचे वेगळे, ते कुठंही घरटं करतात. आमचे फार चोखंदळ. पाणी, झाड, शांतता, तिन्ही मनासारखं असेल तरच बसतात. सगळ्या मुलखात ते फक्त आमच्याकडं घरटी करतात. हेही मी पाहुण्यांना दोनदा सांगते.

मोजणीची आमची एक पद्धत आहे. थंडी सरता सरता, दहा दिवस, सूर्य उगवला की दोघांनी मोजायचं. मी लपणातून आणि नावाडी दादा पलीकडून नावेतून. मोजताना बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. घरट्यावरच्या जोड्यांचा आकडा आपापल्या कागदावर लिहायचा, कार्यालयात येऊन कागद टेबलावर उपडा ठेवायचा आणि दोन्ही कागद एकदम उलटायचे. आकडे जुळले तर वहीत, नाही जुळले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. नावाडी दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. माझ्या वडिलांची नाव त्यांनीच वल्हवली. दिवसाकाठी मोजून दहा वाक्यं बोलतात, त्यातली चार नावेशी. पण नजर अशी की आजवर आमचे कागद जुळले नाहीत असे दिवस मी हाताच्या बोटांवर सांगू शकेन.

यंदा मात्र हा आकडाच आमच्या गळ्याशी आला होता. कायदा असा आहे की चमच्यांच्या जोड्या तीन वर्षं लागोपाठ चाळीसच्या खाली आल्या, तर तळ्याच्या उत्तरेकडच्या काठाचं संरक्षण उठतं. मागच्या दोन वर्षांचे आकडे होते चौतीस आणि एकतीस. उत्तरेच्या काठावर हॉटेल बांधायचे नकाशे तयारच होते, मोटरबोटींचा धक्काही त्यात दाखवला होता. तिथं बोटी फिरू लागल्या की बेटावर एक पक्षी राहणार नाही, हे मला कळत होतं आणि नकाशा काढणाऱ्यांनाही कळत होतं. हे तिसरं वर्ष. पहिल्या दिवशी आम्ही कागद उलटले. दोन्हीवर सव्वीस.

दुसऱ्या दिवशी सव्वीस. तिसऱ्या दिवशी सव्वीस.

"नीट बघितलंत ना, दादा?" मी उगाचच विचारलं. एकतीस वर्षांत हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता. ते चहा अर्धा टाकून उठून गेले. मला माझीच लाज वाटली.

दुपारी आमचे हे डबा घेऊन आले. हे शिंपी आहेत, गावात दुकान आहे. पक्षी तोलायच्या पिशव्याही हेच शिवून देतात. माझा चेहरा बघून म्हणाले, "चौदा कमी आहेत, तर चौदा टाक की लिहून. कोण झाडावर चढून बघणार आहे?"

"अहो, थट्टा पुरे."

"थट्टाच करतोय. तू लिहिणार नाहीस हे मला ठाऊक आहे. लग्नाच्या वेळी सुद्धा माझी उंची टेपनं मोजून घेतलीस तू."

मी हसले नाही. डबाही तसाच परत पाठवला.

चौथ्या दिवशी पहाटेपासून उत्तरेचा वारा सुटला होता. थंड, बोचरा, पाण्यावर सुरकुत्या पाडणारा. मी झरोक्याला डोळा लावून डावीकडून मोजत गेले आणि मधल्या झाडावर एक जोडी जास्त आली. पुन्हा मोजलं. सत्तावीस. कार्यालयात दादांच्या कागदावरही सत्तावीस. एका जोडीनं फार फरक पडत नव्हता, तरी मला बरं वाटलं. उशिरा येणारे पक्षी असतात, मागून आणखी येतील असं मी म्हणाले आणि दादांनी मान डोलावली.

मग मी वाळे वाचायला पुन्हा लपणात गेले. पिल्लं घरट्यात असतानाच आम्ही त्यांच्या पायात लाल रंगाचं कडं घालतो. त्यावर आकडा असतो आणि तो लांबून दुर्बिणीतून वाचता येतो. लहान मुलाच्या पायात घालतात तसं, म्हणून आम्ही त्याला वाळाच म्हणतो. नव्या जोडीतली मादी फांदीवर उभी होती. दुर्बीण स्थिर केली, पायावर आणली. एकशे बारा.

मी डोळा काढला, रुमालानं भिंग पुसलं आणि पुन्हा लावला. एकशे बारा. चोचीच्या उजव्या कडेला तांदळाएवढी खाच. ती खाच मला पाठ होती. एकशे बारा हा मी माझ्या हातानं घातलेला पहिला वाळा. घालताना माझे हात इतके थरथरत होते की वडिलांनी पक्ष्याऐवजी माझंच मनगट धरलं होतं. ते पिल्लू पुढं बारा वर्षं आमच्या तळ्यावर आलं आणि तेराव्या वर्षी विजेच्या तारेखाली पडलेलं मला सापडलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

कार्यालयात येऊन मी जुनी वही काढली. एकशे बारासमोर माझ्याच अक्षरात 'मृत' लिहिलेलं होतं, खाली तारीख, खाली सही. वाचण्यात चूक झाली असेल, एकशे बहात्तर असेल, असं मनाशी म्हणत मी कपाट उघडलं. पक्षी मेलेला सापडला की आम्ही त्याचा वाळा कापून काढतो आणि कपाटातल्या तारेत ओवून ठेवतो. तारेत एकसष्ट वाळे आहेत. एकशे बारा जागेवर होता. माझी पक्कड तिरकी कापते, त्यामुळे माझ्या हातचा काप ओळखू येतो. त्याच्यावर तो तिरका काप होता.

मी वाळा टेबलावर ठेवला. दारात नावाडी दादा उभे होते, बेटावर काय वाचलं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी तो उचलला, बोटावर फिरवला, आकडा वाचला आणि खिडकीतून बेटाकडं पाहिलं.

"मग तो बाहेरचा कुणी घातला, बाई?"

मी म्हणाले, "उद्या बघू."

पाचव्या दिवशी तीस. सहाव्या दिवशी तेहतीस. दोन्ही दिवस आमचे कागद जुळले. दरवर्षी उशिरा येणारे थवे मी पाहिले आहेत. आकाशातून गोल फिरत येतात, झाडांवर जागेसाठी भांडतात, जुन्या जोड्या चोची आपटून त्यांना हाकलतात. या नव्या जोड्यांना येताना आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. सकाळी झरोक्याला डोळा लावला की त्या असायच्या. जुन्या जोड्या त्यांच्याशी भांडत नव्हत्या. त्यांच्या शेजारची घरटी सोडून वितभर लांब सरकून बसत होत्या.

सहाव्या दिवशी मोजणीनंतर सकाळचं ऊन माझ्या पाठीशी होतं, तेव्हा मी पुन्हा एकशे बारा पाहिली. उजेड नेमका तिच्या पायावर होता. वाळ्याला काप होता. तिरका. कापलेला वाळा पायात राहत नाही, पहिल्या पावलालाच गळून पडतो. ती त्या पायावर उभी होती, पाय उचलत होती, टेकवत होती, आणि वाळा तसाच होता.

मी सगळ्या नव्या पक्ष्यांचे वाळे वाचले. दोन तास लागले. प्रत्येकाच्या पायात वाळा होता आणि प्रत्येक वाळ्याला काप होता. काही काप तिरके होते, माझ्या हातचे. काही सरळ होते, वडिलांच्या हातचे.

मी घाबरट बाई नाही. गुडघाभर चिखलात एकटी राहिलेली आहे, पिसाळलेल्या कुत्र्याला काठीनं परतवलेलं आहे. ते काप पाहिले तेव्हाही मी घाबरले नाही, निदान मला तसं वाटलं. मला काय वाटलं ते सांगते. मला अभिमान वाटला. ऊर भरून आला. आमचे पक्षी आमच्या तळ्यासाठी परत आले, असं मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. एकटीच होते म्हणून पुसलं नाही.

वाऱ्याकडं माझं लक्ष नंतर गेलं. वारा असला की पक्षी वाऱ्याकडं तोंड करून बसतात. पाठीवर वारा घेतला तर पिसं उलटतात, अंगात थंडी शिरते. त्यात कधी बदल नसतो. सव्वीस जोड्या उत्तरेकडं तोंड करून बसल्या होत्या. नव्या जोड्या दक्षिणेकडं तोंड करून होत्या, फाटकाकडं, कार्यालयाकडं. उत्तरेचा तो वारा थेट त्यांच्या पाठीवर येत होता आणि त्यांचं एकही पीस हलत नव्हतं.

दहाव्या दिवशी आम्ही कागद उलटले. चाळीस. चाळीस.

नावाडी दादांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले. मग म्हणाले, "बाई, मी जे पाहिलं तेच लिहिलंय."

"मीही."

"मग झालं तर."

झालं नव्हतं. रात्री जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी घास तसाच धरून ठेवला.

"चाळीस? अगदी चाळीस?"

मला राग आला. माझ्या आकड्याला कुणी 'अगदी' विचारत नाही. "हो, चाळीस. दोघांनी मोजले. दहा दिवस मोजले."

"मोजलेस ते खरं गं. पण मोजतेयस काय?"

मी ताट उचललं. आतल्या खोलीत बसून मोजणीचा तक्ता भरला. त्यात एक रकाना वाळ्यांच्या आकड्यांचा असतो. तो कोरा सोडता आला असता. नियमानं सक्ती नाही. पण एकतीस वर्षांत मी रकाना कोरा सोडलेला नाही. चौदा जोड्यांचे अठ्ठावीस आकडे मी एकाखाली एक, स्वच्छ अक्षरात लिहिले. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. वह्या वरच्या कार्यालयातही आहेत, पडताळून बघावं. पाहिलं ते लिहिलं, त्यात माझी मान खाली जाण्यासारखं काही नव्हतं. सकाळी तक्ता पाठवला आणि वाट पाहत बसले.

चौथ्या दिवशी साहेब स्वतः आले. नवे साहेब, वय चाळिशीच्या आत, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून दगडादगडांवरून उड्या मारत आले. लपणात बसून त्यांनी दुर्बिणीतून बेट पाहिलं, बोटानं हवेत मोजलं आणि चाळीसवर थांबले.

"बाई, तुम्ही तर कमाल केलीत. कुणाला वाटलं नव्हतं."

"तुम्ही वाळ्यांचा रकाना पाहिलात का?" मी विचारलं.

"सगळा तक्ता पाहिला. सुंदर अक्षर आहे तुमचं." त्यांनी दुर्बीण सोडली. "एकच गोष्ट आहे. हॉटेलवाले म्हणणार, या चौदा जोड्या वाटेत टेकलेल्या आहेत, उद्या उडून जातील. त्यांना पिल्लं झाली पाहिजेत. पिल्लांना वाळे घालता ना तुम्ही? त्या दिवशी मी कागद घेऊन येतो. नव्या घरट्यांतली पिल्लं माझ्यासमोर तोला, मी तिथल्या तिथं सही करतो. उत्तरेचा काठ कायमचा आपला. पुन्हा चाळीसचं नाव नाही."

कायमचा. हा शब्द ऐकायला माझे वडील असायला हवे होते.

पुढचे सात आठवडे आम्ही बेटाकडं पाहत काढले. जुन्या घरट्यांत अंडी झाली, नव्या घरट्यांतही झाली. पिल्लं एकाच आठवड्यात फुटली. दादा नाव घेऊन बेटाखालून जात आणि येऊन सांगत. चमच्यांची वस्ती असली की झाडाखाली चुना सांडल्यासारखं होतं. विष्ठेनं पानं पांढरी होतात, फांद्या जळतात, वासानं नाक धरावं लागतं. जुन्या घरट्यांखाली तसंच होतं. एके दिवशी दादांनी नावेतून एक फांदी आणून माझ्या टेबलावर ठेवली.

"नव्या घरट्याखालची आहे."

हिरवीगार, धुतल्यासारखी. एक ठिपका नाही.

"दादा, तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या मनात काय असायचं? माझा जन्म या पाण्यावर गेलाय, बाई. इथं बोटी आल्या तर मी कुठं जाऊ?" त्यांनी फांदी उलटी करून ठेवली. "पण पिल्लं चिवचिवत नाहीत. आईबाप रिकाम्या चोचीनं येतात, पिल्लं त्यांच्या घशात चोची घालतात आणि वाढतात."

वाळ्यांचा दिवस उजाडला. लख्ख ऊन, वारा पडलेला. कार्यालयासमोर टेबल मांडलं होतं. साहेब आले, त्यांच्याबरोबर दोन फोटोवाले आले, गावातली चारपाच माणसं आली. आमचे हे तर दुकान बंद ठेवून पहाटेच नव्या पिशव्या घेऊन आले होते. जाड सुती कापडाच्या, प्रत्येकी साठ ग्रॅम, एकही ग्रॅम इकडंतिकडं नाही. त्यांना त्यांच्या पिशव्यांचा माझ्याइतकाच अभिमान आहे. पिशवीत पिल्लू घालायचं, पिशवी ताणकाट्याला, म्हणजे हातात धरायच्या स्प्रिंगच्या वजनकाट्याला, अडकवायची, आलेल्या आकड्यातून साठ वजा करायचे आणि उरेल ते वहीत लिहायचं. मग वाळा. सगळी पिल्लं तोलून झाली की एकदमच बेटावर परत न्यायची, म्हणजे घरट्यांना दोनदा त्रास नको.

दादांच्या नावेतून जाऊन गावातल्या पोरांनी सकाळीच आठ पिल्लं उतरवून आणली होती. चार जुन्या घरट्यांतली, चार नव्या. एकेक पिशवीत एकेक. बाकावर ओळीनं आठ पिशव्या हलत होत्या.

पहिली पिशवी मी जुन्या घरट्याची घेतली. दादांनी ताणकाटा हातात उंच धरला, मी पिशवी अडकवली. काटा झपकन खाली गेला. "चौदाशे साठ," मी म्हणाले आणि वहीत पिल्लाचं वजन लिहिलं, चौदाशे. चांगलं गुटगुटीत. पायात वाळा घातला, पुन्हा पिशवीत ठेवलं आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगली. वजनानं तिची नाडी ताठ ओढली गेली. फोटोवाल्यांनी फोटो काढले.

"आता नव्या घरट्यातलं," साहेब म्हणाले. त्यांनी कागद टेबलावर पसरला होता. पेनचं टोपण काढलं होतं.

दादांनी दुसरी पिशवी उचलली. उचलताना त्यांचा हात अंदाजापेक्षा वर गेला, रिकामी बादली भरलेली समजून उचलावी तसा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी पिशवी ताणकाट्याला लावली. आत पिल्लू होतं. चोच कापडातून टोचत होती, पाय झाडत होतं, पिशवी इकडून तिकडं हिसकत होती.

काटा साठावर उभा होता.

ह्यांनी तो पाहिला. दादांनी पाहिला. साहेब समोरच्या बाजूला होते, त्यांना आकडे दिसत नव्हते.

"किती भरलं, बाई?"

मी काट्यावर बोटानं टिचकी मारली. काटा थरथरला आणि साठावर आला.

साठ म्हणाले असते तर काय झालं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. काटा बिघडलाय म्हणाले असते. दुसरा आणला असता. मग तिसरा. मग पिल्लू हातात घेऊन बघितलं असतं साहेबांनी. समोर तळं चमकत होतं, पलीकडं उत्तरेचा काठ, लव्हाळ्यात उभे असलेले बगळे. कुणीतरी तिथं बांबूच्या खुणा आधीच रोवून ठेवल्या होत्या.

माझी नजर वहीवर होती. वरच्या ओळीत नुकतंच लिहिलेलं होतं.

"चौदाशे," मी म्हणाले.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि खालच्या ओळीत लिहिलं. चौदाशे.

टाळ्या वाजल्या. साहेबांनी सही केली, लफ्फेदार, आणि कागद वाळावा म्हणून हवेत धरला. गावातल्या एका बाईनं माझे दोन्ही हात हातात घेतले. लाज वाटायला हवी होती. माझी छाती मात्र फुगली होती. वडिलांचं तळं वाचलं होतं. मी वाचवलं होतं.

"बाई," दादा हलकेच म्हणाले.

त्यांचा हात खाली येत होता. ताणकाटा अजून त्यांच्याच हातात होता आणि ते तो आता दोन्ही हातांनी धरत होते. काटा हळूहळू सरकत होता. पाचशे. नऊशे. बाराशे.

चौदाशे साठावर थांबला.

पिशवीतून पहिल्यांदाच आवाज आला. भुकेल्या पिल्लाचा, कर्कश, जिवंत. काही क्षणांनी पिशवीच्या तळाला ओला पांढरा डाग उमटला.

मला हसू आलं. खरंच आलं. मी ह्यांच्याकडं वळले, त्यांनाही दाखवावं म्हणून.

हे दाराजवळच्या खुंटीपाशी उभे होते. पहिली पिशवी त्यांनी काढून हातात घेतली होती. घेतली होती आणि नुसतेच उभे होते, पिशवी तळव्यावर ठेवून.

"अगं," ते म्हणाले, "ही अशी कशी झाली?"

मी जवळ गेले. नाडी सोडून आत पाहिलं. पिल्लू होतं. पायात मी घातलेला नवा वाळा होता. एका डोळ्यानं ते माझ्याकडं पाहत होतं आणि आवाज न करता चोच उघडत होतं, मिटत होतं. मी नाडी बांधली. दादांकडून ताणकाटा घेतला. पिशवी अडकवली.

साठ.

"चला बाई, पुढचं घ्या," साहेबांनी टेबलामागून हाक मारली. "नव्या घरट्यांतली सगळी होऊन जाऊ देत."

बाकावर अजून सहा पिशव्या हलत होत्या. तीन नव्या घरट्यांतल्या, तीन जुन्या.